डाव्या बाजूचा आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या दुकानातल्या काकांनी एकदा मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. काका आता नाहीत.

पण आधी ते तुम्हाला दिसायला हवेत. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही तळवे हेडफोनवर दाबलेले, खालचा ओठ दातांत. माझ्या गंगापूर रोडच्या दुकानात ते असे बसलेले असायचे आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडायचा आणि निकाल लागायचा.

"बोलतंय." नाहीतर, "गप आहे."

मी आवाज टिपायचे छोटे रेकॉर्डर विकतो. कीर्तनकार, लग्नाचे व्हिडिओवाले, यूट्यूबवाली पोरं, पक्ष्यांच्या मागे हिंडणारी माणसं, सगळे येतात. आता हे तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल: बाहेर काहीच वाजत नसलं तरी यंत्र स्वतःच आतून सूंऽ असा आवाज करत असतं. चांगल्या यंत्रात ती सूं जवळजवळ कळत नाही. वाईटात ती माणसाच्या हळू बोलण्यावर चढून बसते. काकांच्या भाषेत असं यंत्र 'बोलायचं'.

काका मूळचे निफाडकडचे. ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. एकदा नातीच्या शाळेतलं गाणं टिपायला रेकॉर्डर घ्यायला आले आणि तीन यंत्रं परत करून चौथं घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात स्वतःच हजर. "मालक, तुमच्याकडं माल चांगला आहे, पण तुम्हाला ऐकायला येत नाही. मी बसू का?"

बसले ते बसलेच.

त्यांची पद्धत त्यांचीच. घरून बाजरीने भरलेलं पत्र्याचं पिंप घेऊन आले. रेकॉर्डर कापडी पिशवीत घालून बाजरीत पुरायचे, वर झाकण, झाकणावर गोधडी. आत इतकी शांतता की यंत्राला स्वतःशिवाय दुसरं काही ऐकूच येऊ नये. मग ते रेकॉर्डिंग आवाज चढवून ऐकायचे. बाजरीमुळे दुकानात उंदीर झाले. मी तक्रार केली तर म्हणाले, "मांजर पाळा. पण गुरगुरणारी नको."

दुसरी परीक्षा मोठ्या आवाजाची. त्यासाठी गिऱ्हाइकालाच कामाला लावायचे. "गोदावरीच्या पलीकडं तुझा माणूस उभा आहे असं समज. मार हाक." एका लाजऱ्या कॉलेजच्या मुलीने आधी नुसतेच ओठ हलवले. काका म्हणाले, "अगं, तो चालला ना निघून!" तेव्हा तिने अशी हाक मारली की शेजारच्या मिठाईच्या दुकानातले दोघं धावत आले. काकांनी ऐकून मान हलवली. "फाटला आवाज. यंत्राचा हं, तुझा नाही."

मी संगणकावर आलेख काढून दाखवायचो. सूं किती, कुठल्या बाजूला, सगळं त्यात दिसतं. त्यांना ते पसंत नव्हतं. "चित्र बघून भाजीतलं मीठ कळतं का, मालक?" म्हणायचे. थोडा अहंकार होता त्यांना आणि मला तो हवाच होता. 'काकांनी ऐकून दिलेलं' एवढ्या शब्दावर लोक माझ्याकडे यायला लागले होते.

मग एका हिवाळ्यात यंत्रं जास्त बोलायला लागली.

आधी एक, मग दोन, मग खोक्यातली निम्मी. "डाव्या बाजूला आहे," ते म्हणायचे. मी आलेख काढायचो. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही सारख्याच शांत. मी हेडफोन लावून ऐकायचो. काही नाही. पण त्यांच्या कानापुढे माझा कान तो काय, असं म्हणून मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर तेव्हाच मला कळायला लागलं होतं.

त्याच सुमारास काकू दुकानात आल्या. हातात दुधाची पिशवी. "अहो, यांना काहीतरी सांगा. रात्री फ्रिज बंद करून ठेवतात. म्हणे आवाज करतो. सगळं दूध नासलं. इन्व्हर्टरची वायर काढली. आता शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीवरून भांडण काढलंय."

"फ्रिज जुना झालाय," काका पिंपावरून नजर न काढताच म्हणाले.

"फ्रिज दिवाळीत घेतलाय!" काकू म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

त्या दिवसांत माझ्याकडे एक मोठं काम आलं होतं. सुरगाण्याकडच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी टिपायला एक संस्था रेकॉर्डर घेणार होती. अट एकच, प्रत्येक यंत्र काकांनी ऐकलेलं हवं. ती माणसं दुपारी जीप घेऊन येणार होती. सकाळपासून काका एकेक यंत्र बाजूला काढत होते. बोलतंय. बोलतंय. हेही बोलतंय.

मग ते थांबले. हेडफोन काढले, उलटे घातले, डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. डोळे मिटले. पुन्हा सुलटे घातले. पुन्हा उलटे. शेवटी हेडफोनची पिन यंत्रातून काढली आणि तसेच बसून राहिले. मी गल्ल्यामागून बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पहिल्यांदा पाहिलं. भीती होती ती.

"जरा इकडं ये," ते म्हणाले. मला नेहमी मालक म्हणणारा माणूस. "डावीकडं सूं येतीय मला. उलटे घातले तरी डावीकडंच. पिन काढली तरी आहे असं वाटतंय." त्यांनी पिन परत जोडली आणि हेडफोन माझ्यापुढे धरले. "तू ऐक. आणि खरं सांग. आहे का आवाज?"

मी ऐकलं. रस्त्यावरच्या रिक्षा लांबून पुसट येत होत्या. यंत्रात काही नव्हतं. अगदी गप होतं ते.

काय सांगायचं हे मला माहीत होतं. काका, आवाज यंत्रात नाही, तुमच्या कानात आहे, चला आत्ताच डॉक्टरकडे जाऊ. पण जीप येणार होती. आणि काकांचा कान गेला हे एकदा बाहेर पडलं की माझ्या दुकानाचा शब्दही गेला असता.

"आहे की," मी म्हणालो. "दोन्हीकडे आहे काका. या मॉडेलला असतोच थोडा. चालतंय तेवढं."

"तुलाही येतोय?"

"स्पष्ट येतोय."

त्यांनी जो श्वास सोडला तो मी विसरलेलो नाही. चेहरा एकदम मोकळा झाला. "मग ठीक. मला वाटलं, म्हाताऱ्याचाच माल खराब झाला." त्यांनी स्वतः जाऊन चहा सांगितला, सगळी यंत्रं पास केली, जीपवाल्यांशी गप्पा मारल्या. त्यानंतर त्या आवाजाविषयी त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

पुढचं मी बघत होतो आणि बघत राहिलो. फोन उजव्या कानाला गेला. बोलणाऱ्याकडे ते उजवा खांदा पुढे करून वळायला लागले. डावीकडून हाक मारली तर भलतीकडेच बघायचे. खरोखर डावीकडे खरखरणारं एक यंत्र त्यांनी 'गप आहे' म्हणून दिलं. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा काका जेवायला गेले होते. मी मुकाट्याने बदलून दिलं. दुकानाच्या पायरीवर एकदा तोल गेला, तर चपलेला शिव्या घातल्या. नवी चप्पल आणली. तोल जातच राहिला.

मग एके सकाळी ते घरी न्हाणीघरात पडले. तपासण्या झाल्या. डाव्या कानामागे, आत, गाठ होती. बरीच वाढलेली. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं. काका त्यातून उठले नाहीत.

डॉक्टरांनी काकूंना विचारलं होतं, एका कानात आवाज येतो असं कधी म्हणाले नाहीत का? तेव्हाच आणलं असतं तर गाठ लहान असताना काढता आली असती. काकूंनी हे मला दहाव्याच्या दिवशी सांगितलं, रामकुंडावर, बाकीची माणसं पांगल्यावर.

"असा कसा हो हट्टी माणूस," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस कानात वाजत होतं आणि घरात कुणाला एक अक्षर बोलले नाहीत. मला सांगितलं असतं तर मी ओढत नेलं असतं. मनात ठेवून गेले. ह्याचा मला फार राग येतो."

मी मान हलवली. "होते खरे हट्टी," असंही म्हणालो.

काकू अजून त्यांच्यावर रागावलेल्या आहेत. संक्रांतीला तिळगूळ द्यायला येतात तेव्हा दर वेळी तेच बोलतात, आणि मी दर वेळी ऐकून घेतो.

काकांनी लपवलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं. मला आवाज येत नव्हता, तरी मी येतोय म्हणालो. काकूंच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, एवढं सांगणं अजून माझ्याकडून व्हायचं आहे.