गौतमअण्णा आणि खाली यायची वाट

चढाईचं पुस्तक उघडून मी एखाद्या कड्याचं वर्णन वाचून दाखवायला लागले, की गौतमअण्णा मध्येच हात वर करत. कडा किती उंच, वरून काय दिसतं, मार्ग किती अवघड, यातलं काही त्यांना आधी ऐकायचं नसे. "ते ऱ्हाऊ दे. आदी खाली कसं यायचं ते सांग." उतरण्याची माहिती पानाच्या शेवटी दोन ओळींत असते. त्या ओळी त्यांना पटल्या तरच मी बाकीचं वाचायचं. नाही पटल्या तर पान उलटायचं, मग तो कडा कितीही नावाजलेला असो.

अण्णा मूळचे औराद तालुक्यातल्या संतपूरचे, माझे वडीलही तिथलेच. दोघं एका वर्गात शिकले. वडील शिक्षक झाले, अण्णा वीज खात्यात लाइनमन झाले, आणि बीदरला आमची घरं एकमेकांच्या भिंतीला लागून उभी राहिली. अण्णा बुटके, रुंद खांद्याचे. बोलणं संथ. तारेवर काम करायला चढण्याआधी, लाइन बंद आहे असं कोणी दहा वेळा सांगितलं तरी ते तारेवर लोखंडी साखळी टाकून बघत. साखळीचं दुसरं टोक जमिनीत गाडलेलं असे. मगच पाय खांबाला लावत. त्यांच्या हाताखालची माणसं वैतागत. अण्णा म्हणत, "वैतागा. जित्या माणसालाच वैतागता येतंय."

मी कॉलेजात असताना बदामीला प्रस्तरारोहणाचं शिबिर होतं. वडिलांनी एकाच अटीवर परवानगी दिली: गौतम सोबत जाईल. अण्णा तेव्हा पंचेचाळिशीचे होते. ते नुसते राखणीला आलेले, पण पहिल्याच दिवशी त्यांनी प्रशिक्षकाला बाजूला घेऊन कड्यात ठोकलेला एकेक बोल्ट कोणी, कधी, कसा ठोकला ते विचारलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकानंच त्यांच्या कमरेला दोर बांधला. आमच्यातली निम्मी पोरं जिथं घसरली तिथून ते मांजरासारखे गेले.

तिसऱ्या दिवशी मी अर्ध्या कड्यात थिजले. खाली माझा दोर अण्णांच्या हातात होता. "भ्यायलीस?" त्यांनी विचारलं. मी कशीबशी हो म्हटलं. "बरं हाय. भ्याव वाटायलाच पायजे, उंच हाय ते. आता मला काय दिसायलंय ते सांग. उजव्या हाताला काय हाय?" मी सांगितलं, एक बोटभर फट. "आन डाव्या पायाखाली?" एक चपटा उंचवटा. असं एकेक सांगता सांगता मी वर पोचले. धीर धर, घाबरू नकोस, असलं काही ते त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हणाले नाहीत.

परतताना बसमध्ये त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा जोडीदार खांबावर चढला होता. लाइन बंद असल्याचा निरोप आला होता, पण कोणीतरी चुकून पुन्हा चालू केली. अण्णा खाली पक्कड घेऊन उभे होते. "मी वर बगून त्याला हाक मारली," ते म्हणाले, "आन तो उत्तर देईना. हसायलाय असंच वाटलं मला, तोंड तसं झालं हुतं." पुढे भालकीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही दरवर्षी बदामीला गेलो. मी नोकरीसाठी जर्मनीत न्यूरेंबर्गला गेले, अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या आणि रमाकाकूंच्या लेकीनं निवृत्तीच्या दिवशी सांगून टाकलं, की तुम्हाला वैशालीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवते, एकदा तिकडचे दगड बघून या. झालं. त्या हिवाळ्यापासून दर रविवारी आमच्या फोनवर एकच विषय: उन्हाळ्यात युरोपात कुठं चढायचं.

आम्ही काही मोठे चढाईपटू नव्हतो. फ्रेंच लोक कड्यांना अवघडपणाचे आकडे देतात. त्यातले पाच-साडेपाच आम्हाला जमायचे, सहा म्हणजे डोक्यावरून पाणी. बोल्ट आधीच ठोकलेले हवेत, म्हणजे चढता चढता त्यात दोर अडकवत जायचं, आणि जुलैत हात भाजायला नकोत. एवढ्या मापात बसणारी जागा शोधणं तसं अवघड नाही. अवघड अण्णा होते.

मी आधी एक ग्रीक बेट सुचवलं. समुद्र, पांढरी घरं, चढायला सोपे चुनखडीचे कडे. "जुलैत ऊन किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "तेवढं बीदरातबी हाय की. घामेजल्या हातानं दगूड धरायचा म्हंजे भ्यावच." मग मी माझ्या घराजवळच्या जंगलातल्या कड्यांचं सांगितलं. गार सावली, गाडीनं तासाभराची वाट. "पहिला बोल्ट किती उंचीवर?" काही ठिकाणी दोन माणसं उंच, मी म्हटलं. "म्हंजे तिथवर पडलं तर दोर असून नसल्यासारखा. नक्को." इटलीतल्या तळ्याकाठच्या गावाला उन्हाळ्यात उकडतं, म्हणून तेही गेलं. त्याच्या उत्तरेचे उंच सुळके मला फार आवडले होते. ते गार होते, पण तिथं माथ्यावरून दुसऱ्या बाजूनं सुट्या दगडांच्या घसाऱ्यातून पायी उतरावं लागायचं, आणि अण्णांनी ते फोनवरच मोडीत काढलं.

शेवटी उरलं फ्रेंच आल्प्समधलं आयलफ्रुआद. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवरची गार दरी, ग्रॅनाइटचे कडे, कड्यांच्या पायथ्याशी तंबू ठोकायची जागा. तिथल्या बऱ्याच मार्गांवर दर तीस मीटरला दोन भक्कम बोल्ट असतात. चढताना तिथं थांबायचं, आणि वाटलं तर तिथूनच दोरानं परत खाली यायचं.

"कुठूनबी परत येता येतंय?" अण्णांनी विचारलं.

"कुठूनही."

"मग तिथंच जाऊ. आन वैशाली, एक कर. झटका बसला की दोर आपोआप धरतंय, तसलं यंत्र घिऊन ठेव. माझ्या हातात तेच दे." मी हसले. पंधरा वर्षं हाच माणूस तसल्या यंत्रांना नावं ठेवत होता. हात असताना यंत्र कामून, म्हणत होता. वयामुळे असेल, असं मला वाटलं.

जुलैत ते आले. आयलफ्रुआदला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हिमनदीच्या पाण्यानं दुधाळ झालेली नदी घुमत होती आणि दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ होते, की आभाळ बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागे. पुस्तकातला मध्यम कडा डोळ्यांसमोर उभा राहिला की मध्यम वाटत नाही. अण्णा बराच वेळ वर बघत होते. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "थंडी हाय," ते म्हणाले. सकाळी चढाईच्या बुटांची नाडी त्यांनी मला बांधायला सांगितली. गुडघे वाकत नाहीत म्हणाले. मी बांधली. कमरेची गाठ मात्र त्यांनी स्वतः मारली. फार वेळ लागला. मी तपासली तेव्हा ती नेहमीसारखी नीट होती.

उन्हाळ्यात तिथं दुपारनंतर वादळ येतं, म्हणून बाराच्या आत खाली यायचं ठरवलं होतं. मार्ग पाच टप्प्यांचा. मी पुढे चढत होते, अण्णा मागून येत होते, आणि प्रत्येक टप्प्याला उशीर होत होता. चौथ्या थांब्यावर ते माझ्याजवळ पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. मागच्या शिखराआडून काळा ढग वर आला होता. एकच टप्पा उरला होता, पण अण्णा म्हणाले, "बस. खाली." मी वाद घातला नाही.

दोर खाली सोडला आणि अण्णा आपलं उतरायचं यंत्र त्यात ओवायला लागले. तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. तो हलत होता. थंडीनं हलतो तसा नाही. एका तालात, त्यांना न विचारता. अंगठा आणि बोट जणू काहीतरी चोळत होते. यंत्र निसटलं. कड्यावर एकदा, दोनदा वाजलं आणि मग त्याचा आवाजच आला नाही.

आम्ही दोघंही खाली बघत राहिलो. पायाखाली सव्वाशे मीटर. ढग गडगडला.

"अण्णा, हात दाखवा."

त्यांनी हात काखेत दाबला. "न्हाई, जरा गारठलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन महिने झाले. कंपवात हाय म्हनले डाक्टर."

मला रागवायलाही वेळ नव्हता. मला फक्त एवढंच कळत होतं, की हा माणूस स्वतः उतरू शकत नाही आणि इथं तिसरं कोणी नाही. माझ्या यंत्रातून मी त्यांना खालच्या थांब्यापर्यंत सोडायचं, तिथं त्यांनी स्वतःला बोल्टला अडकवायचं, माझा दोर मोकळा करायचा, मग मी त्याच यंत्रावर उतरायचं. चार वेळा. त्यातलं अडकवायचं काम त्या हाताला करावं लागणार होतं, आणि मला ते दिसणार नव्हतं, कारण कडा मध्ये फुगला होता.

पहिल्यांदा सोडलं. दोर सैल पडला. ते पोचले होते. पण अडकवलं की नाही?

"अण्णा! अडकवलं का?"

वारा. पुन्हा ओरडले. ते कसे उभे असतील, हात कसा हलत असेल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. दोर सोडायचा नाही, नाही सोडायचा, असं मी मोठ्यानं बोलत होते. मग खालून आवाज आला, संथ, बीदरच्या अंगणातून आल्यासारखा: "अडकवलंय. थांब, दुसऱ्यांदा बगतो."

मी पोचले तेव्हा त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. उजवा हात ऐकेना म्हणून त्यांनी कडी दातांनी धरून डाव्या हातानं अडकवली होती. दुसऱ्या टप्प्याला पाऊस सुरू झाला. तिसऱ्याला समोरच्या कड्यावर वीज पडली. इतकी वर्षं तारांखाली काढलेला हा माणूस डोळे मिटून कड्याला चिकटून उभा होता आणि माझी बाही त्यानं घट्ट धरली होती. जमिनीला पाय लागले तेव्हा माझ्या हातांची कातडी सोलली होती, ते मला तंबूत गेल्यावर कळलं.

तंबूत मी रडले आणि मग बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "माझा दोर तुमच्या हातात होता, अण्णा. कामून सांगितलं न्हाई?"

"म्हनून तर आपोआप धरायचं यंत्र मागितलं. तुला पडू दिलं नसतं."

"आणि तुम्ही?"

तंबूवर पाऊस कोसळत होता. "सांगितलं असतं तर तू आनलं नसतंस मला," ते म्हणाले. "मी भेलो. एकदा सांगितलं की ते खरं हुतंय. रमालाबी सांगितलं न्हाई अजून."

"घरी गेल्याबरोबर काकूंना सांगायचं. तुम्ही, मी नाही."

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी पुढं कधी दोराला हात लावला नाही. उरलेले चार दिवस आम्ही नदीकाठानं चाललो. मला मनातून पूर्ण माफ करता आलं नव्हतं, आणि त्यांना ते कळत होतं. विमानतळावर त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. एवढंच.

त्यानंतर ते अडीच वर्षं होते. आजार भरभर वाढला. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीत पडले, मग उठले नाहीत. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. त्रिसरण-पंचशील झालं, माणसं पांगली, रमाकाकू आणि मी ओट्यावर बसलो. तो दिवस मी कोणालाच सांगितला नव्हता. काकूंना सगळं सांगितलं. यंत्र पडलं ते, ओठातलं रक्त, माझा राग, आणि तो अजून पुरता गेलेला नाही तेही.

काकू ऐकत होत्या. "राग मलाबी हाय," त्या म्हणाल्या. "दोन महिने माझ्यापसून लपिवलं." मग पुढं म्हणाल्या: "तुझ्याकडून आले त्या दिवशी दारात उभे ऱ्हायले. चपला काढीनात. पिशवी खांद्यालाच. म्हनले, रमा, माझा हात जायलाय. मला लई भ्याव वाटायलंय. तीस वर्सं संसार केला, येवढं कदी म्हनले न्हवते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार," काकू म्हणाल्या. "पिशवी घेतली खांद्यावरची. म्हनलं, आत या. आदी पानी प्या."