पॉलिशचा वास

माझा दादा फर्निचरला पॉलिश करतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळायचा आणि लाकडावर हात मारत बसायचं. एक हात वाळला की घासायचं, मग दुसरा हात. त्याने पॉलिश केलेल्या टेबलात आपलं तोंड स्पष्ट दिसतं. त्याला स्वतःचं कधी दिसलं नाही, हा भाग वेगळा.

हा स्पिरिटचा वास कपड्यांत, केसांत, नखांत मुरतो. दादा प्यायला लागला तेव्हा या वासाने त्याला फार साथ दिली. वहिनी दारात हुंगायची आणि तो म्हणायचा, "पॉलिशचा वास आहे." वहिनीला पटायचं. दुसऱ्यांचे नवरे वेलची चघळत घरी येतात, आमच्या शहाण्याला तेवढीही तसदी नव्हती. मग एक दिवस तो मुलीला शाळेतून आणायला गेला आणि फाटकापाशीच आडवा झाला. इतकी वर्षं आपल्या तोंडाला पानं पुसली गेली, हे वहिनीला त्या दिवशी कळलं. मुलीला घेऊन ती भावाकडे गेली. भांडली नाही. "दारू सोडा, मग येते," एवढंच म्हणाली.

दादा हादरला, पण हादरून दारू सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, इच्छाशक्ती वाढवा. ती कुठल्या दुकानात मिळते ते त्यांनी सांगितलं नाही. नातेवाईक म्हणाले, लाज वाटली पाहिजे. लाज तर त्याला इतकी वाटत होती की ती विसरायलाच तो प्यायचा. शेवटी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका सभेचा पत्ता दिला माझे केस कापणाऱ्या बाईने. तिचा नवरा तिथे जाऊन सुधारला होता.

बाहेर पाटी नव्हती. आम्ही आधी शिवणाच्या क्लासमध्ये शिरलो. तिथल्या बाईंनी दादाकडे पाहून नाकाला रुमाल लावला आणि काही न विचारता वर बोट केलं.

वर बालवाडीचा वर्ग होता. भिंतीवर ससे आणि बदकं, आणि पिटुकल्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले थोराड पुरुष. मला हसू आवरेना आणि रडूही. घरच्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. सभा चालवायचा एक निवृत्त पोस्टमन. तो कुणाला उपदेश करायचा नाही. "आज नाही प्यायची. उद्याचं उद्या इथे येऊन बोलू," म्हणायचा.

दादा बरेच दिवस नुसता ऐकत बसायचा. मग एका संध्याकाळी त्याने पॉलिशच्या वासाची गोष्ट सांगितली आणि वर्ग हसून हसून लोळला. "आमचा खोकल्याच्या औषधाचा होता," एक म्हणाला. तिथे कुणीच कुणाला हसत नव्हतं, सगळे स्वतःलाच हसत होते. त्यानंतर दादा मधे एकदा घसरला. तेही त्याने तिथेच जाऊन सांगितलं, आणि परत सावरला.

पुरेसे महिने गेल्यावर मी वहिनीकडे गेले. पुष्कळ आढेवेढे घेऊन ती म्हणाली, "रविवारी येऊन बघते. राहायचं की नाही ते नंतर."

रविवारी सकाळी मीच तिला आणि मुलीला घेऊन आले. दार उघडलं आणि वासाचा लोट अंगावर आला.

दादा खोलीच्या मधोमध बसला होता, हातात बोळा. समोर मुलीचं अभ्यासाचं टेबल. तिच्यासाठी म्हणून त्याने ते रात्रीतून घासून काढलं होतं आणि आता शेवटचा हात चालला होता. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. कुठलाही पॉलिशवाला लावतो. त्याच्या नाकाला तो वास केव्हाच कळेनासा झाला होता.

वहिनी उंबऱ्यातच थांबली. दादाने वर पाहिलं आणि म्हणाला, "पॉलिशचा वास आहे."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं, खरंच आहे," मी म्हणाले. "टेबल तर बघ."

वहिनी आत आली, त्याच्यासमोर वाकली. "तोंड उघडा." त्याने शाळकरी पोरासारखं उघडलं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग सरळ उभी राहिली.

"कळत नाही," ती म्हणाली. "तेव्हा कळलं नाही, आता कसं कळेल?"

जिन्यात मी तिच्यावर तडकले. इतक्या महिन्यांची त्याची मेहनत तिला दिसत नाही का, म्हणून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ते प्यायलेले नसतीलही. पण मला परत रोज दारात उभं राहून हुंगायचं नाही. तू बहीण आहेस, तुझ्यावर ती वेळ नाही." मग मुलीचा हात धरून ती जिना उतरली.

संध्याकाळी दादा सभेला गेला. मी बाकावर होते. त्याने सुरुवात केली, "मी दारात म्हणालो, पॉलिशचा वास आहे." आत कुणीतरी नवा माणूस होता, तो खो खो हसला. दादा त्याचं हसणं संपेपर्यंत थांबला.

"आज खरंच होता," तो म्हणाला.