कागद होईपर्यंत वांगं बंद

किस्से निर्माल्यासारखे साठतात. रोज ओंजळभरच असतं, म्हणून पिशवीत टाकत जावं, आणि एक दिवस बघावं तर पिशवी तोंडापर्यंत भरलेली! आमचे हे डोंबिवलीतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवतायत, येत्या मेअखेरीस रिटायर होतील. गेल्या वर्षी यांच्या स्टाफरूमला मृत्युपत्राचं आणि वारसनोंदीचं जे वेड लागलं, त्यात माझी पिशवी भरली. आज ती तुमच्यापुढे रिकामी करते.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. शाळेतले चित्रकलेचे सर नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या सर्व्हिस बुकात वारस म्हणून वडिलांचं नाव, आणि वडील तर त्यांच्याही आधी वारलेले. नोकरी लागली तेव्हा, लग्नाआधी, लिहिलेलं नाव. नंतर बदलायचं राहूनच गेलं. त्यांच्या बायकोला कल्याण-ठाण्याच्या किती फेऱ्या पडल्या ते तिचं तिलाच ठाऊक. एकदा मी सोबत गेले होते. जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "वहिनी, एक नाव बदलायचं होतं हो फक्त."

घरी आल्यावर मी यांना विचारलं, "अहो, तुमच्या पुस्तकात कुणाचं नाव आहे?"

"आईचं."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती!

"बदलायला हवं," मी म्हटलं.

"बदलू की," हे म्हणाले. तेव्हा आषाढ चालू होता.

*

हे हाडाचे वर्गशिक्षक. स्वतःचं करायच्या आधी साऱ्या वर्गाचं करून घेणार. यांनी स्टाफसाठी वारसनोंदीचा एक फॉर्म नमुना म्हणून भरला आणि स्टाफरूमच्या बोर्डावर लावला. सुवाच्य अक्षर, चारी बाजूंना समास, वर मोठ्ठं 'नमुना'. त्यात वारस म्हणून नाव माझं! खऱ्या पुस्तकात आई, नमुन्यात मी. असो.

आठवड्याने शाळेचे क्लार्क, देसले भाऊसाहेब, यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, जरा नाजूक आहे. पाटील सरांचा फॉर्म आलाय. वारसाच्या जागी तुमच्या मिसेसचं नाव आहे. नातं, पत्नी."

पाटील सर म्हणजे पी.टी.चे. ठाकुर्लीच्या बाजूला त्यांचं जुनं गाव, शेतावर आता टॉवर उभे आहेत. मनाने एकदम साफ माणूस.

"अरे पाटील, हे काय केलंस?"

"तुमीच बोल्लात ना सर, नमुना बघून भरा? बघून भरला! एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. पाटील वहिनी उभ्या, हातात रिकामा स्टीलचा डबा.

"घ्या वैनी. वारस तुमी, मंग डबा बी तुमीच भरा आता!"

भरला! बटाट्याची भाजी दिली. पाटील सर अजून तिची आठवण काढतात.

*

आमच्या दामले बाई ठाकुर्लीला एकट्याच राहतात. मराठी शिकवतात, लग्न केलं नाही. जवळचे म्हणजे एक भाचा आणि एक भाची. एकदा आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. यांनी मृत्युपत्र करण्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "माझं केव्हाच झालंय. आणि अगदी अप टू डेट असतं!"

कपाटातून वही काढून दाखवली. सगळं मृत्युपत्र पेन्सिलीत!

भाचा दिवाळीला आला नाही की फ्लॅट खोडून भाचीला. भाचीने फोनवर आवाज चढवला की बांगड्या खोडून भाच्याला. एका जागी इतकं खोडलेलं, की कागदाला भोक पडलं होतं.

"बाई, शाईत लिहा आणि साक्षीदारांसमोर सही करा," हे म्हणाले.

"शाईत लिहिलं की पोरं यायची बंद होतील हो," बाई म्हणाल्या. मला त्या वेळी हसू आलं, पण घरी येताना फारसं नाही.

पुढे वाढदिवसाला भाचा आला. बाईंनी मोठ्या कौतुकाने आम्हाला त्याची भेट दाखवली. पेनांचा सेट होता. पक्क्या शाईचा!

*

इकडे आमचं काय? श्रावणात हे म्हणाले, सणासुदीचे दिवस आहेत. भाद्रपदात मीच म्हटलं, पितृपक्षात नको. नवरात्रात सहामाहीचे पेपर, दिवाळीत पेपर तपासणं. कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला.

चातुर्मासात आमच्याकडे वांगं नसतं. आणि यांचा जीव वांग्याच्या भरतावर! तुळशीचं लग्न लागलं त्या संध्याकाळी हे पिशवी घेऊन बाजारात निघाले. मी म्हटलं, "वांगी आणू नका. मी नेम वाढवलाय. मृत्युपत्र आणि सर्व्हिस बुक, दोन्ही कागद होईपर्यंत वांगं बंद."

"हा नेम कुठल्या देवासाठी?"

"खंडोबासाठी. त्याला चंपाषष्ठीला भरीतच लागतं. त्याला तुमची अडचण बरोबर कळेल."

चंपाषष्ठी आली. नैवेद्याला भरीत-रोडगा केला, तो चुकवून कसं चालेल? हे ताट मांडून तयार. "प्रसादाला नाही म्हणू नये, अगं!"

"नाही कुठे म्हणतेय?" मी म्हटलं आणि यांच्या तळहातावर चिमूटभर ठेवलं.

हे बराच वेळ हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खंडोबाची चिमूट मोठी असेल ना?"

*

वकील यांचाच विद्यार्थी निघाला. घोडबंदर रोडला चकाचक बिल्डिंगमध्ये त्याचं ऑफिस. ट्रॅफिकमध्ये आम्हाला इतका वेळ लागला, की हे म्हणाले, "पोहोचेपर्यंत मृत्युपत्र वाचायचीच वेळ येईल!"

त्याने मसुदा पुढे ठेवला. यांनी खिशातून लाल पेन काढलं. सवयच ती! चौथ्या ओळीवर थांबले आणि मोठ्याने वाचलं, "हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे."

माझ्याकडे बघितलं. वाक्याखाली लाल रेघ ओढली.

"हे खोटं आहे. तुळशीच्या लग्नापासून माझ्या ताटात वांगं नाही."

वकील कधी यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "मॅडम, कायद्यात हा दबाव बसतो की नाही, बघून सांगावं लागेल."

पानं उलटता उलटता सगळा मसुदा लाल झाला. शेवटी शेरा: 'आशय चांगला. मांडणीकडे लक्ष द्यावे.' वकिलाने मसुदा दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि उभा राहून विचारलं, "सर, यावर पालकांची सही आणायची का?"

*

सही कशी करायची, तर दोन साक्षीदारांसमोर. माझ्या मनात आलं, चांगल्या कामाला माणसं जमतात तेव्हाच करावी. घरी सत्यनारायण घातला. पूजेला शेजारपाजारचे येतीलच, त्यांतलेच दोन साक्षीदार!

गुरुजींनी यांच्या हातात पळीभर पाणी दिलं आणि संकल्पासाठी विचारलं, "पूजा कशानिमित्त? गृहप्रवेश, वाढदिवस?"

"मृत्युपत्रानिमित्त," मी म्हटलं.

गुरुजींची माळ हातातच थांबली. यांच्या बोटांतून पाणी गळायला लागलं. मग गुरुजींनी काय म्हटलं मला समजलं नाही, पण 'निर्विघ्न' एवढं ऐकू आलं.

कथा झाली, आरती झाली. डायनिंग टेबलावर यांनी सही केली, पाटील सरांनी आणि शेजारच्या जोशीकाकांनी साक्ष घातली. पाटील सरांना यांनी दोनदा बजावलं, "तुझंच नाव लिही बरं!"

निघताना गुरुजी दाराशी घुटमळले. मला वाटलं, शिध्यात काही राहिलं. तर हळूच म्हणाले, "त्या वकिलांचा नंबर मिळेल का? आमचंही राहिलंय."

*

पाहुणे गेल्यावर हे हात चोळत स्वयंपाकघरात आले. "झाला एकदाचा कागद! आता भरीत?"

"सर्व्हिस बुक?" मी विचारलं.

यांनी पंखा लावला, बंद केला आणि हे बाहेर जाऊन बसले.

त्यानंतर हे दोनदा शाळेच्या ऑफिसात जाऊन आले. एकदा म्हणाले, देसले जागेवर नव्हते. एकदा म्हणाले, चष्मा विसरलो. चष्मा डोळ्यांवर होता! मला जिना उतरणारी चित्रकलेच्या सरांची बायको आठवायची. देवापुढे रोज दिवा लावताना मी एवढंच म्हणायचे, होईल, यांच्याच हातून होईल. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले.

देसले भाऊसाहेबांनी पुस्तक काढलं. पिवळं पडलेलं पान. त्यावर यांच्याच हातचं, पंचविशीतलं अक्षर. सासूबाईंचं पूर्ण नाव. पुढे नातं: आई.

"सोपं आहे, सर," देसले म्हणाले. "जुन्या नावावर आडवी रेघ मारा, बाजूला सही करा, खाली वहिनींचं नाव लिहा."

यांनी पेनाचं टोपण काढलं. बत्तीस वर्षांत यांनी किती पोरांच्या पेपरांवर रेघा ओढल्या असतील! पेन टेकवलं, उचललं. चष्मा पुसला. परत टेकवलं.

मग पेन माझ्या हातात दिलं. "तू मार."

"असं कसं सर," देसले म्हणाले, "नियमाने तुम्हीच..." बोलता बोलता त्यांनी यांच्याकडे पाहिलं, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मारा वहिनी. रेघेला काय, हस्ताक्षर नसतं."

एकोणीस वर्षं मी सासूबाईंबरोबर एका ओट्यावर काढली. सगळेच दिवस गोड होते असं नाही. पण कुठल्या तिथीला कोणता नेम, ती त्यांच्या अक्षरातली यादी आमच्या देवघराच्या दाराला आतून अजून चिकटवलेली आहे.

देसल्यांच्या टेबलावरची पट्टी यांनी घेतली आणि नावावर धरली. "वाकडी नको," म्हणाले.

मी रेघ ओढली. यांनी बाजूला सही केली, खाली माझं नाव लिहिलं. नातं लिहिलं. देसल्यांनी शिक्का उठवला आणि वाकून खाली पाहिलं.

"वहिनी, चपला कशाला काढल्यात? ऑफिस आहे हे, देऊळ नाही."

कधी काढल्या, माझं मलाच कळलं नव्हतं!

"चल लवकर," हे म्हणाले, "भाजीवाली उठायच्या आत भरताची वांगी घेऊ." आणि टेबलाखाली पायानेच स्वतःच्या चपला शोधायला लागले.