वाल कोणते घालायचे?

परदेशातून ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकून हुबळीला परतले तेव्हा वाटलं होतं, अप्पांच्या गॅरेजात मी शिकवीन आणि सगळे लिहून घेतील. झालं उलटंच! वही माझीच भरली. पुढून गणितं, मागून किस्से. गॅरेजात किस्से जुन्या नटबोल्टांसारखे साचतात. फेकवत नाहीत आणि डबा पुरत नाही.

मला अप्पांची जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल शर्यतीसाठी तयार करायची होती. अप्पांनी अट घातली, "रविवारी धारवाडच्या चढावर ती वर पोचली नाही तर तुझे प्रयोग बंद. मग आपलं ऑइल बदलणंच बरं!"

आमचे बसाप्पा मिस्त्री व्हॉल्व्हला 'वाल' म्हणतात. मीही म्हणू लागले. एकदा आईला फोन केला, "कपाटातले दोन मोठे वाल रिक्षाने पाठव." तासाभराने डबा आला. आत वालाची उसळ! सोबत चिठ्ठी: 'दोन कसे पुरतील? सगळ्यांसाठी केलेत.'

बसाप्पा म्हणाले, "अक्का, हे बसवले तर इंजिन नाही री, पोट रेस मारेल!"

धारवाडच्या मळमड्डी भागातल्या एका निवृत्त हेडमास्तरांना शर्यतीच्या तयारीची बातमी लागली. स्कूटर घेऊन हजर. "मलाही रेसचे वाल घाला. शेजाऱ्याला एकदाच मागे टाकायचंय."

"सर, तुमच्या टू-स्ट्रोक स्कूटरला वालच नसतात!" मी म्हटलं.

सरांनी सावकाश चष्मा काढला. "मग बसाप्पा, दहा वर्षं वाल म्हणून तुम्ही साफ काय करत होता?"

बसाप्पांनी फडकं उचललं आणि स्कूटरचा आरसा पुसायला घेतला.

वालाच्या टॅपेटची फट मी फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजायचे, बसाप्पा बसच्या तिकिटाने. एकदा त्यांनी लावलेली फट मी तपासली, तर केसभरही फरक नाही!

"कुठलंही तिकीट चालतं, बसाप्पाअण्णा?"

"छे! धारवाडला जातानाचंच. येतानाचं घामानं फुगतं."

खरं भांडण वाल मिटवणाऱ्या स्प्रिंगांवरून झालं. नवा कॅम वाल जास्त उचलणार, म्हणून मला सगळ्यात कडक स्प्रिंगा हव्या होत्या.

"बेडा अक्का, नको. आपलं इंजिन एवढं पळतच नाही. सासू उगाच कडक असली की सुनेची कंबर मोडते!"

मी वहीतलं गणित दाखवलं आणि कडकच बसवल्या. शनिवारी ट्रायलला, अर्ध्या चढावर, वाल ढकलणारी सळई वाकली. गाडी टेम्पोतून परत आली. अप्पांनी नुसता ऑइलचा कॅन माझ्यासमोर ठेवला. बसाप्पा माझी वही काखेत मारून घरी गेले.

रविवारी पहाटेच उठून मी नवी सळई घातली आणि बसाप्पांच्या पसंतीच्या नरम स्प्रिंगा बसवल्या. फक्त टॅपेटची फट लावायची राहिली होती. एवढ्यात बसाप्पा वही घेऊन धावतच आले.

"अक्का, सगळी वाचली री! तुमचंच बरोबर. कडकच घालू!"

मी वही उघडली. गणिताच्या पानात खूण म्हणून धारवाडला जातानाचं तिकीट होतं.

नरम स्प्रिंगा तशाच ठेवल्या, फीलर गेज खणात टाकला, तिकीट काढून घेतलं आणि त्यानेच टॅपेटची फट लावायला बसले.