दादांचा चुकलेला पासवर्ड

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसरण्याची भीती घरातूनच मिळालेली. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी पोटची पोरंसुद्धा ओळखू येत नव्हती. त्यामुळे नेकनूरच्या घरातला लॅपटॉप जेव्हा दादांना 'पासवर्ड चुकीचा आहे' असं वरचेवर सांगायला लागला, तेव्हा त्यांनी लॅपटॉपला दोष दिला नाही. "आपलीबी गाडी त्याच रस्त्याला लागली," असं ते आईला म्हणाले. निवृत्तीनंतर ते नोकरीतल्या गमती मराठीत टाइप करायचे, तेही त्यांनी सोडलं.

मी बीडला कॉम्प्युटर शिकवते. त्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मीच टाकून दिलं होतं. रविवारी एसटीनं यायचं, लॅपटॉप बंद करून चालू करायचा, तोच पासवर्ड टाकायचा, की लगेच उघडायचा. ते बघून दादांचा चेहरा आणखी पडायचा. लेकीच्या हातानं उघडतंय म्हणजे खोट आपल्यातच आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मलाही आतून धास्ती वाटायला लागली होती.

एका रविवारी मी आग्रह केला म्हणून ते लिहायला बसले आणि मध्येच चहाला उठले. परत येईपर्यंत स्क्रीन लॉक. या वेळी मी बंद-चालू केलं नाही. "माझ्यासमोर टाका," म्हटलं. त्यांनी ओठ हलवत, एका बोटानं, एकेक अक्षर दाबलं. एकही चुकलं नाही, मी डोळ्यांनी बघितलं. तरी उघडेना. मग मी टाकला, तर मलाही नकार!

नापास होऊन इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं, तर टिंबांच्या जागी कानामात्रांची नुसती खिचडी. दादा मराठीत लिहिताना लॉक पडायचं, कीबोर्ड मराठीतच राहायचा, आणि लॉकच्या स्क्रीनवर ते सांगणारं काहीच नव्हतं. टिंबं तर कुठल्याही लिपीची सारखीच दिसतात. बंद करून चालू केलं की कीबोर्ड इंग्रजीवर यायचा, म्हणून मला जमायचं.

"दादा, तुमचं डोकं ठीक हाय. ह्यो मशीनमधला बग हाय."

"तू लेक हायेस माय, तू असंच म्हननार. परक्या मानसानं म्हनलं तर खरं."

मग काय, मी पेटलेच. लिनक्समधल्या बगची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीची, तक्रार तो प्रोग्राम बनवणाऱ्यांकडे कुणालाही करता येते. मी इंग्रजीत लिहायला घेतलं: आधी काय केलं, मग काय झालं, खरं काय व्हायला हवं होतं. दादा शेजारी बसून म्हणाले, "च्याला उठलो, हेबी लिही." तेही लिहिलं.

दोन-तीन दिवसांत उत्तर आलं, आमच्याकडे असं होत नाही. माझं टाळकंच सटकलं. अरे बाबांनो, तुमच्याकडे दुसरी लिपीच नाही, तर होईल कशाला? हेच जरा सभ्य भाषेत करून पाठवलं, आणि मराठी कीबोर्ड कसा लावायचा तेही लिहिलं. फोनवर दादांना सांगितलं, तर ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या रविवारी मी दादांजवळ अंगणात बसले होते, तेव्हा दुसरं उत्तर आलं. लिहिणाऱ्यानं मराठी कीबोर्ड लावून बघितला होता आणि स्वतःच्याच कॉम्प्युटरबाहेर अडकून बसला होता. बग खरा आहे, दुरुस्त करतो, असं त्यानं कबूल केलं होतं. मी ते मराठीत वाचून दाखवलं. दादांनी परत वाचायला लावलं. मग आईला हाक मारली.

"ऐकलं का? त्यो इंजिनेरबी अडकला. मी इसरलो न्हवतो."

आणि खात्री पटावी म्हणून ते उभे राहिले आणि सगळा पासवर्ड, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. पासवर्ड कुणासमोर उच्चारायचासुद्धा नाही, हे मी दर वर्षी वर्गात घसा फोडून सांगते. त्या दिवशी मी म्हटलं, "दादा, अजून एकदा म्हणा."