बाळगोंडाला बसवा

हसायचं तर आत्ताच पोटभर हसून घ्या मंडळी! कारण हा किस्सा सांगताना मला मध्येच हसू येतं आणि मध्येच कान गरम होतात. इतकी वर्षं झाली, तरी!

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. निपाणीच्या आमच्या शाळेत बास्केटबॉल नावाची नवीच भानगड आली होती. आमचे कुलकर्णी सर मद्रासेला जाऊन तो खेळ शिकून आले होते. लोहाराकडून दोन कड्या घडवून घेतल्या, खांबांना ठोकल्या, झालं मैदान! येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय रं, बूड नसलेल्या टोपलीत चेंडू टाकून काय गावतंय?"

मैदानाला लागून तंबाखूची वखार. धापा टाकताना तो वास छातीत भरायचा. अजून कुठं तसा वास आला की माझे पाय आपोआप उचलतात. आता गुडघे साथ देत नाहीत, ते सोडा.

संघ मात्र काय होता म्हणून सांगू! त्यात बाळगोंडा तर बोलायलाच नको. जैन शेतकऱ्याचा पोरगा, ताडासारखा उंच. उडी मारली की वाटायचं, हा खाली यायचं विसरला बहुतेक! चिकोडीला आम्ही जिंकलो, संकेश्वरला जिंकलो, सगळं त्याच्या जिवावर.

आणि कप्तान कोण? मी! का? तर माझं अक्षर चांगलं होतं.

उपांत्य सामना बेळगावला, टिळकवाडीच्या मैदानावर. नेमका आदल्या दिवशी सरांना हिवताप भरला. आम्ही आपले सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. मोटार इतकी भरलेली, की बाळगोंडा मागच्या बाजूला कसाबसा कोंबला गेला. बेळगावात उतरल्यावर तो बराच वेळ झाडाखाली मान घालून बसून होता. मला वाटलं, घाबरला गडी!

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना मोटारीचे ड्रायव्हर इस्माईलभाई पळत आले.

"कप्तान कोण तुमच्यात? सरांनी सकाळी चिठ्ठी दिलती बगा. लई गडबडीत इसरलोच मी!"

चिठ्ठी हातात कोंबून ते गेलेसुद्धा. मी उघडली. सरांचं थरथरतं अक्षर:

'बाळगोंडाला बसवा. त्याला हलू देऊ नका. बाकीचे उभे राहिले तरी चालेल. उगीच धावपळ नको. मध्ये एकदा त्याला लिंबू द्या.'

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

"बाळगोंडा, तू बाहेर बस," मी म्हणालो.

"मी? का रं?"

"सरांचा हुकूम."

"बगू चिठ्ठी."

"कप्तानाची चिठ्ठी हाय. तुला कशाला पायजे?" असं म्हणून मी ती खिशात घातली.

दुसरा खेळाडू मारुती उसळला, "आणि आमी काय करायचं?"

"उभं राहायचं! धावपळ करायची न्हाय."

"उभं राहून खेळ हुतोय व्हय?"

"मद्रासची पद्धत असंल! सरांपेक्षा तू शाणा काय?"

शिट्टी वाजली. आम्ही पाचजण देवळाच्या खांबांसारखे आपापल्या जागी उभे! बेळगावची पोरं बिचकलीच. ह्यात काहीतरी डाव आहे म्हणून पहिली दोन मिनिटं आमच्या जवळ कुणी फिरकेना. मी मनात म्हटलं, वा सर! काय डोकं आहे!

मग त्यांच्या ध्यानात आलं, की डाव-बिव काही नाही.

त्यानंतर काय झालं ते विचारू नका! मध्यंतराला ते एकोणीस आणि आम्ही दोन. मी धावत जाऊन बाळगोंडाला लिंबू दिलं.

"लिंबू काय करू?" त्याचे डोळे भरून आलेले. "मला खेळू दे की रं! पाया पडतो तुझ्या!"

"हलू नकोस!" मी ओरडलो. तो उठायला लागला तर खांदे दाबून बसवला!

दुसऱ्या डावात मारुतीनं चेंडू माझ्या अंगावर फेकला आणि तरातरा निघून गेला. उरलेल्यांपैकी दोघं एकमेकांची गचांडी धरून बसले. पंचानं सामना तिथंच थांबवला.

परतताना मोटारीजवळ इस्माईलभाईंनी विचारलं, "चिठ्ठी वाचलासा न्हवं? मग आता जाताना तरी बाळगोंडाला म्होरं बसायला जागा करा. त्याला मोटार लागती म्हणून सर लई काळजीत हुते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं, असं झालं हो!

बाळगोंडा एवढंच म्हणाला, "मला दावायची तरी हुतीस गड्या."

"तुला वाईट वाटंल म्हणून न्हाय दावली," मी म्हणालो.

खोटं! आता लपवून काय करू? चिठ्ठी वाचली तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. एकदा तरी माझ्या नावानं टाळ्या पडतील, असं वाटलं होतं. म्हणून तर दुसऱ्यांदा वाचली नाही. त्यानं मात्र हा विषय पुन्हा कधी काढला नाही. असा दोस्त मिळायला नशीब लागतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो. ते घोंगडं पांघरून पडले होते.

"बाळगोंडा कुठं होता?"

"बसला होता, सर."

"आणि तू?"

"उभा होतो."

सरांनी घोंगडं तोंडावर ओढलं. घोंगडं गदागदा हलायला लागलं. मला वाटलं, ताप चढला की रडताहेत? नाही हो, हसत होते!

मग आतूनच आवाज आला, "पुढच्या वर्षी कप्तान बाळगोंडा. आणि तू बस!"

मी तत्काळ तिथंच जमिनीवर मांडी घालून बसलो.

"आत्ता न्हाय रे, गाढवा!"