नवमीपर्यंत थांबलेला गुडघा

माझ्या नातीच्या उजव्या गुडघ्याची वाटी कबड्डीच्या चढाईत दुसऱ्यांदा बाजूला सरकली, तेव्हा आम्ही तिला नव्या पनवेलमधील अस्थितज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तिचा पाय सैल ठेवायला सांगून अंगठ्याने वाटी हलकेच बाहेर ढकलली. नातीने तत्क्षणी त्यांचे मनगट धरले.

“दुखलं?”

“नाही. पण जाईल ती.”

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. वाटीला आतून धरून ठेवणारा बंध तुटला होता. मांडीमागची कंडरा घेऊन नवा बांधावा लागणार होता. “कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, अजून शाबूत आहे. याच आठवड्यात केलं तर पुढच्या वर्षीची निवड चाचणी देईल. पुन्हा सरकली, तर मात्र सांगता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागत होता. मी म्हणालो, “पंधरवडा जाऊ द्यावा.”

आर्ताच्या, म्हणजे आजाऱ्याच्या, उपचाराला काळवेळ नसते, हे मी पाठशाळेत विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवले. परंतु माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया पितृपक्षात झाली होती आणि ती घरी परतली नव्हती. मुलाने माझा शब्द मोडला नाही. नातीच्या उरणच्या प्रशिक्षक बाई तेवढ्या स्पष्ट बोलल्या, “आजोबा, होडीचा दोर इरला की आमी पंचांग बघत नाय, दोर बदलतो.” मी हसून तो विषय टाळला.

अविधवा नवमीला पत्नीचे श्राद्ध होते. नात स्नान करून सोवळ्यात आली. डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याचा पट्टा तिने सोवळ्यासाठी काढून खुंटीवर ठेवलेला मी पाहिला आणि पान वाढायला घेतले. कावळ्याचे पान उचलत ती म्हणाली, “आजी माझ्या हातचं लगेच घेते. तुम्हाला ताटकळत ठेवते.”

गच्चीच्या कठड्यावर तिने पान ठेवले. कावळा समोरच्या तारेवर बसून होता, येत नव्हता. माझे सारे लक्ष त्याच्याकडे. मागे वळताना तिचा पाय जागीच राहिला आणि शरीर फिरले. आवाज फार मोठा नव्हता. मी पाहिले तेव्हा ती खाली बसली होती आणि वाटी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला होती.

तिसऱ्या दिवशी, पितृपक्षातच, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी लहान बाटलीत कूर्चेचा नखाएवढा पांढरा तुकडा दाखवला. तो पुन्हा बसवता येण्यासारखा राहिला नव्हता.

सहा महिन्यांनी त्यांनी वाटी ढकलून पाहिली. ती हलली नाही. नातीने तरीही मनगट धरले.

“बंध पक्का आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण कूर्चा गेली आहे तिथे घासणार. यंदाची चाचणी नको. पुढचं मी आज सांगू शकत नाही.”

नात माझ्याकडे वळली. “आजोबा, चढाईला चांगला दिवस कधी आहे, बघा ना पंचांगात.”

ती चेष्टेने बोलली असावी.

आता ती जिना चढू लागली की तिच्या गुडघ्यातून बारीक करकर येते. माझा जप थांबतो. ती वर पोहोचेपर्यंत मी ऐकत राहतो. भाद्रपद पुन्हा जवळ आला आहे आणि ती करकर, मला वाटते, वाढली आहे.